जीर्णोद्धार कोणासाठी?

पुणे छावणीतील सेंट मेरीज मंदिर १८२५ साली बिशप रेजिनाल्ड हेबर ह्यांच्या हस्ते समर्पित झाले. २०२५ साली त्यास दोनशे वर्षे पुरी झाली. हेबर साहेब पुढल्याच वर्षी, १८२६ च्या एप्रिलात, त्रिचनापल्ली येथे निवर्तले. त्या मंदिरात पुन्हा येणे त्यांच्याकडून घडले नाही. तेथील भिंतींवर लष्करी अंमलदारांच्या स्मारकशिला आहेत. दगड घडविणाऱ्या पाथरवटाची शिला कोण लावणार?

खेड्यांतील आपल्या मंडळ्यांतही पन्नासावे, पंच्याहत्तरावे, शंभरावे वर्ष येते. कमिटी नेमली जाते, तिथी ठरते, पाहुण्यांस पत्रे जातात. आणि मग सर्वांची दृष्टी मंदिराच्या दर्शनी भिंतीकडे वळते. रंग द्यावा, कमान उभारावी, दात्यांच्या नावांची फरशी बसवावी! वर वाशांस वाळवी लागली आहे, पन्हळ तुंबली आहे, वेदीमागे ओल चढली आहे. पण ही कामे सणाच्या दिवशी कोणास दिसणार? वाचकहो, प्रश्न पैशाचा वाटतो, परंतु तो सद्सद्विवेकाचा आहे. जे काम कोणी पाहणार नाही ते आपण करू काय?

कोणी म्हणेल, सणाला घर सारवणे हा काही अपराध नव्हे. खरेच नव्हे. आनंद करावा, मात्र आधी काय व मागून काय, एवढे पाहावे. योवाश राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत याजकांनी मंदिराची मोडतोड दुरुस्त केलीच नव्हती. तेव्हा यहोयादाने पेटीच्या झाकणास भोक पाडून ती वेदीजवळ ठेविली. त्या पैशातून रुप्याचे प्याले व कर्णे केले नाहीत. तो सुतार, गवंडी व पाथरवट ह्यांस दिला. दुरुस्ती पुरी झाल्यावर जे उरले त्याची पात्रे झाली, असे इतिहासात आहे. आणि कामगारांस देण्यासाठी ज्यांच्या हाती पैसा सोपविला, त्यांच्याकडून हिशेबही मागितला नाही, इतके ते विश्वासू होते. (आपल्या कमिट्यांनी मात्र हिशेब ठेवावा हे बरे.)

दुसरे असे की, घाईने जुन्या वास्तूचे नुकसानच होते. चुन्यात बांधलेल्या भिंतीस सिमेंटचा गिलावा दिला म्हणजे ती चार दिवस तुकतुकीत दिसते. पण सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. ती आत कोंडते, विटा भुसभुशीत होतात आणि गिलावा फुगून गळतो. चुना भिजविण्यास, मळण्यास व वाळण्यास अवधी लागतो. तो तिथीकडे पाहत नाही.

एवढा खर्च इमारतीवर करण्यापेक्षा गरिबांस द्यावा, असाही आक्षेप येतो. त्यात तथ्य आहे. कमान व मेजवानी ह्यांस तो पुरता लागू पडतो. छपराची गोष्ट निराळी. ज्याच्या झोपडीत चार माणसे मावत नाहीत, त्याच्या मुलीचे लग्न व बापाचा अंत्यविधी त्याच कौलांखाली व्हावयाचा असतो. जी विधवा दळणातून मूठभर धान्य मंडळीसाठी काढून ठेविते, तिचे नाव फरशीवर यावयाचे नाही. निदान तिच्या जागेवर पाणी तरी गळू नये.

म्हणून तिथी आली आणि काम अपुरे असले, तर परांची तशीच उभी ठेवून उपासना करावी. पाहुण्यांस बांबूंखालून वाकून यावे लागेल, त्यात कमीपणा नाही. कौले मात्र मृगापूर्वी बदलून घ्यावीत; त्यासाठी सुतारास फाल्गुनातच सांगून ठेवावे, कारण वैशाखात तो लग्नघरांच्या मांडवांत गुंतलेला असतो.