वडिलांचे उपचार थांबवले, तर पाप लागेल का?

शंका : घाटंजीकडच्या एका शेतकरी मुलाची ही शंका आहे. वडील पंचाहत्तरीच्या पुढचे. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत उतरलाय, इंजेक्शनं लागू पडेनाशी झालीत आणि डॉक्टरांनी केमो सुचवली आहे. काका म्हणतात, ‘वावर विक, पण बापाला वाचव.’ बहीण म्हणते, ‘आता हाल नको.’ वडिलांना आजाराचं नाव कुणी सांगितलेलंच नाही. ‘नको’ म्हटलं तर पितृऋण बुडेल का, असं मुलगा विचारतो.

समाधान : काकांच्या वाक्यातला ‘वाचव’ हा शब्द आधी तपासायला हवा. हाडांत पसरलेला हा कर्करोग सहसा मुळापासून जात नाही. तो आवरता येतो. पुरुषी संप्रेरकाचा पुरवठा तोडला की तो दबतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं आणि 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजची इंजेक्शनं याच तत्त्वावर चालतात. त्यांचा असर ओसरल्यावर गोळ्या किंवा दर तीन आठवड्यांची केमो हे पर्याय उरतात. त्यांनी काहींचं आयुष्य लांबतं, दुखणंही कमी होतं. पण थकलेल्या शरीराला अशक्तपणा आणि जंतुसंसर्ग झेपेलच असं नाही.

आता पापाचं. पवनारच्या आश्रमात नोव्हेंबर 1982 मध्ये विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. काही दिवसांनी त्यांनी अन्न आणि औषध दोन्ही सोडलं आणि 15 नोव्हेंबरला देह ठेवला. गीतेवर आयुष्यभर बोललेल्या माणसाने हे केलं. पण तेवढ्यावरून मुलाने हा दाखला वडिलांपुढे ठेवू नये. तो निर्णय विनोबांचा स्वतःचा होता. दाखल्यातून घेण्यासारखं काही असेल, तर एवढंच.

कायदाही त्याच दिशेने बोलतो. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. शुद्धीवर असलेला सज्ञान माणूस उपचार नाकारू शकतो, आपली इच्छा आधी लिहूनही ठेवू शकतो. 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने ती प्रक्रिया सोपी झाली. नोटरीपुढेही असा कागद करता येतो.

म्हणजे काका आणि बहीण यांच्या भांडणात ज्याचं शरीर आहे, तोच माणूस बाहेर राहिलाय.

केमो नाकारणं म्हणजे बापाला वाऱ्यावर सोडणं नव्हे. हाडाच्या दुखण्यावर कधी किरणोपचाराची एकच मात्रा पुष्कळ आराम देते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन देता येतं. पायांतली ताकद अचानक गेली किंवा लघवी अडली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. मणक्यातली नस दबलेली असू शकते.

दुखणं कमी असेल अशा एखाद्या सकाळी मुलाने वडिलांजवळ बसावं. आजार किती ऐकायचा आहे, हे त्यांनाच विचारावं आणि झेपेल तेवढं खरं सांगावं. डॉक्टरांना विचारावं : केमोने किती काळ मिळेल, तो काळ कसा जाईल, न घेतल्यास काय होईल? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार येतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून त्याची खात्री करावी.

वावराचा सौदा त्याआधी करू नये.