रँडचा वध आणि आयर्स्टचा मृत्यू

1897 सालच्या 22 जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीच्या रस्त्याने परतणाऱ्या, पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्ताचा अंमलदार असलेल्या रँडसाहेबावर दामोदर चापेकरांनी गोळी झाडली, तेव्हा पुणेकरांच्या अंतःकरणातील संताप अकारण होता असे कोणीही प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. गोऱ्या सोजिरांनी घरोघर शिरावे, देवघरापर्यंत बूट न्यावेत, आजाऱ्याला इस्पितळात आणि त्याच्या निरोगी आप्तांना छावणीत धाडावे, चीजवस्तू जाळून टाकाव्यात, हा सारा अंमल प्लेग हटविण्यासाठीच होता हे खरे. परंतु हेतू लोकहिताचा असला म्हणून अंमलदाराची निर्दयता क्षम्य ठरत नाही. रयतेने दाद तरी कोठे मागावी? गोखल्यांनी विलायतेत या जुलमाची वाच्यता केली. पण स्वदेशी परतल्यावर उघडपणे साक्ष द्यायला कोणी धजेना, आणि त्या सत्यनिष्ठ पुरुषाला सरकारची जाहीर माफी मागावी लागली.

या वधाच्या थोडेच दिवस आधी शिवोत्सवात टिळकांनी अफझलखानाच्या वधाचे समर्थन करताना कर्त्याची निष्काम बुद्धी ही कसोटी पुढे ठेवली होती. ती कसोटी थोर खरी, पण मला ती अपुरी वाटते. खान फौजफाट्यासह स्वराज्यावर चालून आला होता, त्याला रोखणे हे रक्षण होते. रँडची झडतीची मोहीम मात्र मे महिन्यातच आटोपली होती, तेव्हा त्याच्या मृत्यूने एकाही घराचे रक्षण होणार नव्हते. उरला होता तो केवळ हिशेब.

आणि हिशेब चुकता करणारा हात अंधारात किती चुकतो! दुसऱ्या गाडीत लेफ्टनंट आयर्स्ट आपल्या पत्नीसह बसला होता. दामोदरांचे बंधू बाळकृष्ण चापेकर यांच्या गोळीने तो जागच्या जागी गतप्राण झाला. रँड त्यानंतर 3 जुलैपर्यंत जगला. न्यायासनापुढे आरोपीची ओळख पटवावी लागते, त्याला बोलू द्यावे लागते. सूड घेणारा मात्र स्वतःच फिर्यादी, स्वतःच न्यायाधीश आणि स्वतःच जल्लाद असतो, आणि त्याची बुद्धी कितीही निष्काम असली तरी त्याची चूक दाखवून देणारा तेथे कोणी नसतो. पितृवधाचा दाह उरी घेऊन रात्री शिबिरात शिरलेल्या अश्वत्थाम्याच्या शस्त्राखाली पांडव सापडलेच नाहीत, त्यांची झोपलेली मुले सापडली. पुण्यातही ही मालिका आयर्स्टपाशी थांबली नाही: 1899 च्या फेब्रुवारीत चापेकरांची खबर सरकारला देणारे द्रविड बंधू मारले गेले, आणि तिघे चापेकर बंधू व त्यांचे सोबती रानडे फासावर गेले.

चापेकरांच्या निर्भयतेपुढे माझी मान आजही लवते, आणि तरीही त्यांच्या कृत्याला मी धर्म्य म्हणू शकत नाही. मात्र ज्या सरकारने रयतेच्या फिर्यादीला कचेरीत जागा ठेवली नाही, वधानंतर पुण्याच्या नातू बंधूंना चौकशीविना कैदेत टाकले आणि टिळकांना लेखांसाठी दीड वर्षाची सजा दिली, त्या सरकारच्या तोंडी या वधाचा निषेध कधीच शोभला नाही.