जुन्या घराच्या खिडक्या
(उपदेशक, अध्याय 12 वा, ओव्या 1 ते 7)

या ओव्यांत ज्ञानी लेखकाने वृद्ध मनुष्याच्या देहास जुन्या घराची उपमा दिली आहे. थरथरणारे राखणदार म्हणजे हात, वाकलेले बलवान पुरुष म्हणजे पाय, संख्येने घटलेल्या दळणाऱ्या म्हणजे दाढा, आणि अंधारलेल्या खिडक्या म्हणजे डोळे. बदामाच्या फुलांचा उल्लेख मात्र आपल्या खेड्यांतील वाचकांस दुर्बोध वाटतो. पॅलेस्टाइनात हिवाळा सरता सरता बदामाच्या निष्पर्ण फांद्या पांढुरक्या फुलांनी भरून जातात. तेच पिकलेले मस्तक होय.

डोळ्यांविषयी थोडे अधिक सांगणे अगत्याचे आहे, कारण येथे आपल्या हातून चूक होते. डोळ्यातील भिंग वयाबरोबर ताठर होत जाते, आणि चाळिशीच्या सुमारास जवळची अक्षरे अस्पष्ट दिसू लागतात. म्हणूनच आपल्या लोकांनी चष्म्यास चाळिशी हेच नाव दिले. पुढे तेच भिंग गढूळ झाले, म्हणजे त्यास मोतीबिंदू म्हणतात. तो काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसविता येते. लंडन येथे हॅरल्ड रिडली यांनी 1949 साली ते प्रथम बसविले. असे असता कित्येक म्हातारी माणसे, ही देवाची इच्छा, असे म्हणून भिंतीशी बसून राहतात, आणि घरचे लोकही माना डोलावितात. यास कोणी सहनशीलता म्हणो. आम्ही हयगय म्हणतो.

कानांचीही तीच गोष्ट. ऐकू येईनासे होते ते बहुधा उंच सुरांपासून. यास्तव लहान मुलांचे व स्त्रियांचे बारीक बोलणे वृद्धांस नीट कळत नाही, जाड आवाज मात्र कळतो. सून म्हणते, सासूबाई मुलाचे तेवढे ऐकतात, माझे मुद्दाम ऐकत नाहीत. आणि अशा एका समजुतीने घरात वर्षानुवर्षे अबोला राहतो! (बाहेरचा कान उलट वाढतच जातो. इंग्लंडातील डॉक्टरांनी 1995 साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत तो वर्षास सरासरी 0.22 मिलिमीटर लांबत असल्याचे आढळले.) ओरडल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत; समोर बसावे, तोंड दिसू द्यावे, सावकाश बोलावे.

गावोगावच्या प्रचारक बंधूंस एक विनंती आहे. जो वृद्ध भाऊ हल्ली उपासनेत शास्त्रपाठ वाचावयास उठत नाही, त्याचा विश्वास थंडावला असे लिहून कळविण्यापूर्वी एकदा त्याच्या घरी जावे, त्याच्या हाती शास्त्र द्यावे, आणि तो ते हातभर दूर धरतो काय, एवढे पाहावे.