तीन अक्षरी नदी

‘एक नदी, तीन अक्षरी.’ पुण्यामुंबईत बसून शब्दकोडे रचणाऱ्याच्या मनात इथे बहुधा कोयना असते. रायपूरच्या तात्यापाऱ्यात वाढलेले मराठी मूल मात्र बेधडक खारून लिहील. ती त्याच्या गावची नदी आणि अक्षरेही तीनच. नर्मदा बसते, यमुना बसते, कावेरीही बसते. मग चूक कोणाची? माझ्या मते संकेताची. ‘कराडला कृष्णेला मिळणारी’ एवढे म्हटले असते तर उत्तर एकच उरले असते आणि ज्याला ते ठाऊक नाही त्याला निदान नकाशा उघडायचे सुचले असते.

हा प्रश्न क्षुल्लक नाही. तो एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे पेव फुटले होते. आर. एम. डी. चमारबागवाला यांची कोडी बंगळूरहून निघणाऱ्या पत्रातून मुंबई राज्यात मोठ्या प्रमाणावर पोचत. त्यांत बरोबर उत्तर म्हणजे संयोजकांनी आधी ठरवून ठेवलेल्या उत्तराशी जुळणारे. 1955 च्या कायद्याने अशा स्पर्धांचे महिन्याचे बक्षीस 1,000 रुपयांवर आणि प्रवेशिका 2,000 वर रोखल्या. 9 एप्रिल 1957 रोजी न्यायालयाने सांगितले की, जिथे यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून नाही ती स्पर्धा म्हणजे जुगार, आणि जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाही. बक्षिसे गेली, पण ती कसोटी बिनबक्षिसाच्या कोड्यालाही लावली पाहिजे. रचणाऱ्याच्या मनातले हेरायचे, की दिलेल्या शब्दांवरून विचार करत उत्तराशी पोचायचे?

मराठीत ही जबाबदारी अधिक जड आहे. इंग्रजी कोड्याच्या चौकोनात सव्वीसांपैकी एक वर्ण बसतो. आपल्याकडे अख्खे अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसकट. 34 व्यंजने आणि बाराखडीची 12 रूपे धरली तरी संख्या चारशेच्या वर जाते, जोडाक्षरे वेगळीच. त्यामुळे उभे-आडवे शब्द जुळवणे कठीण होते, काळे चौकोन वाढतात, शब्द आखूड होतात. ज्या चौकोनातून दुसरा शब्द जातच नाही तिथे सोडवणाऱ्याला पडताळा मिळत नाही आणि सगळा भार संकेतावर येतो. छेद मिळाला, की मात्र एकच अक्षर पुष्कळ काही सांगून जाते.

रायपुरात छेदाचे हे मोल फार जाणवते. भोसल्यांच्या काळापासून मराठी घरे या मुलखात आहेत आणि मुलांची शाळा हिंदी आहे. माधवराव सप्रे यांची घरची भाषा मराठी आणि लेखणी हिंदी होती. 1900 साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, पुढे ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. हाताला हिंदीचे वळण असणे हे इथे जुने आहे आणि त्यात काही उणे नाही. आता ‘सूर्य, दोन अक्षरी’ हा संकेत घ्या. हिंदी शाळेतला मुलगा रवि लिहितो. त्यातल्या दुसऱ्या चौकोनातून खाली जाणाऱ्या शब्दाचा संकेत आहे, ‘ढगात कडाडते आणि दिव्यातही येते ती’. तिथे वीज हवी, म्हणून मुलगा मागे येतो आणि वेलांटी बदलतो. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनुसार तत्सम इकारान्त शब्द मराठीत दीर्घान्त लिहितात, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. दोन शब्दांनी एकमेकांची साक्ष काढली आणि त्याचे त्यालाच कळले. रविवारात तो वि पुन्हा ऱ्हस्व का, हेही त्याला असेच एखाद्या छेदात भेटू शकते. ऱ्हस्वदीर्घाची सूट देणारी कोडी मला म्हणूनच पटत नाहीत.

माझा खरा आग्रह आहे तो वाक्प्रचारांसाठी आणि म्हणींसाठी. समानार्थी शब्दांच्या जोड्या फोनवर क्षणात सापडतात. ‘लग्न ठरण्याआधीच उतावळा गुडघ्याला बांधतो ते’ हे सोडवायला मात्र घरात कोणाला तरी विचारावे लागते. आजी बाशिंग म्हणते, मग बाशिंग कसे असते ते सांगते, मग कोणाच्या तरी लग्नातली गंमत निघते. मराठी ऐकणाऱ्या, पण उत्तर हिंदीत देणाऱ्या नातवंडाच्या तोंडी तो शब्द येण्याची ही दुर्मीळ वेळ असते. दूरच्या मुलावर असा संकेत लादणे अन्याय आहे, असा आक्षेप येईल. आक्षेप रास्त आहे, पण त्यावरचा उपाय चौकटीत आहे. अनोळखी शब्दाची निदान दोन अक्षरे छेदातून मिळालीच पाहिजेत. इथे बा आणि ग.

चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांनी अशी कोडी इथल्याच माणसांकडून रचून घ्यावीत. त्यांत गुडघ्याचे बाशिंग असावे आणि दूधाधारी मठ व सिरपूरही असावे. छापण्याआधी ती दोघांकडून सोडवून घ्यावीत. त्यांतला एक मराठी शाळेत शिकलेला हवा आणि एक हिंदी शाळेत. दुसऱ्याला जिथे दोन उत्तरे सुचतील आणि छेद त्यांतले एकही खोडणार नाही, तो संकेत पुन्हा लिहावा.