प्रयत्न आपले, फळ त्याचे

देवदर्शनास येणारा प्रत्येक भाविक मनात काही ना काही मागणे घेऊन येतो. मुलाचा निकाल, मुलीचे लग्न, घरातील आजारपण. मागण्यात गैर काही नाही. परंतु सारे मनासारखेच घडले पाहिजे असा हट्ट धरला, की मनुष्य रात्रीची झोप आणि दिवसाचे काम या दोहोंनाही मुकतो. मग फळाची आसक्ती सोडावी म्हणजे नेमके काय करावे?

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. रबाळ्यात आज कारखाने व रेल्वेस्थानक असले, तरी ठाणे खाडीकाठची ही मूळ वस्ती आगरी-कोळ्यांची. खाडी हे अधिष्ठान, कोळी हा कर्ता, होडी व जाळे ही साधने. उधाण-भांग पाहून निघणे, फाटलेले जाळे आधी सांधणे, योग्य जागी ते टाकणे या क्रिया. जाळ्यात काय येईल, हे मात्र दैवाकडे. पाचही कारणांचा धनी मीच, असे मानणारा यशात फुगतो आणि अपयशात खचतो. उलट, जाळे न टाकताच दैवाची वाट पाहणे हा निव्वळ आळस होय.

लोकमान्य टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहून काढले. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्या, तेव्हा ते तुरुंगातच होते. त्या वियोगाचे दुःख त्यांनाही झाले. अनासक्ती म्हणजे पाषाणहृदय नव्हे. जून १९१४ मध्ये सुटका झाली, तरी हस्तलिखित वह्या सरकारने लगेच परत केल्या नाहीत. वह्या मिळणे त्यांच्या हाती नव्हते. न मिळाल्यास ग्रंथ पुन्हा लिहिण्याची तयारी मात्र त्यांच्या हाती होती, आणि ती त्यांनी ठेवली. पुढे वह्या मिळाल्या व १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला.

दानाचेही असेच आहे. आपण दिले त्याचे फळ आपल्यालाच, आणि आपण म्हणू तेव्हाच मिळावे, ही अपेक्षा उरली तर तो व्यवहार होतो.

म्हणून देवापुढे हात जोडताना प्रथम स्वतःला विचारावे : माझ्या वाट्याचे काम मी पूर्ण केले आहे काय? राहिले असल्यास घरी जाऊन ते करावे. झाले असल्यास उरलेला भार निःशंकपणे त्याच्या चरणी ठेवावा. मनातील मागणे पूर्ण होवो अथवा न होवो, परतीची वाट हलक्या मनाने चालता येते.