नडगीवरचा खड्डा

"नडगीवर अंगठा रोवा. हाडावरच. आणि पाच मोजा."

पुण्याचे डॉक्टर मोबाइलच्या पडद्यातून सांगत होते आणि माण तालुक्यातल्या घराच्या पडवीत मी आत्याच्या पायाशी बसलो होतो. अंगठा उचलला तर खाली रुपयाएवढा खड्डा. "किती वेळात भरतोय बघा," असं म्हणता म्हणता नेटवर्क अडकलं आणि डॉक्टरांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. खड्डा मात्र मळलेल्या कणकेवर बोट रुतावं तसा होता, आणि सावकाश वर येत होता. माझा हात त्या दिवशी डॉक्टरांचा हात झाला होता. पंचाईत एवढीच की त्या हाताला काही येत नव्हतं.

रोगी तपासायच्या तीन वाटा वाग्भटाने सांगितल्या आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. दूरवैद्यकात, म्हणजे रोजच्या भाषेत 'व्हिडिओवर दाखवण्यात', यातली मधलीच वाट बंद होते. दर्शन उरतं, पण तेही दिव्याच्या मर्जीवर. पिवळ्या बल्बखाली धडधाकट माणूसही काविळीचा वाटतो. म्हणून सगळा भार प्रश्नावर येतो. त्या दिवशी डॉक्टरांनी किती विचारलं! सूज एका पायाला की दोन्ही? सकाळी कमी असते का? रात्री उशा किती लागतात? झोपेतून दम लागून उठावं लागतं का? समोरासमोर गेलो असतो तर यातलं निम्मंही कुणी विचारलं नसतं, अशी मला दाट शंका आहे. हात लावायची सोय असली की बोलण्याची काटकसर होते.

वैद्याने रोगी न पाहताच सल्ला देण्याची गोष्ट काही आजची नाही. वैद्याला बोलावायला दूत जायचा, आणि तो कसा आला, काय बोलला, यावरूनही रोग्याचं बरंवाईट जोखावं असं चरकाच्या इंद्रियस्थानात सांगितलं आहे. यातला शकुनाचा भाग सोडून देऊ. पण निरोप्या स्वतःच निदानाचा एक भाग असतो, हे त्यांनी अचूक हेरलं होतं. आजचा दूत वाटेत अडखळतो, अर्धं वाक्य गिळतो आणि आत्याच्या 'धाप'चं 'थाप' करून पोचवतो.

शिवाय हे अंतर वैद्यकात शिरलं ते मोबाइलमुळे नव्हे. 1816 साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात लेनेक नावाच्या डॉक्टरपुढे एक स्थूल तरुणी आली. तिच्या छातीला कान लावणं त्याला प्रशस्त वाटेना. त्याने कागदांची सुरळी केली, एक टोक छातीवर टेकवलं, दुसरं कानाला लावलं, आणि ठोके नुसत्या कानाला ऐकू आले असते त्याहून स्पष्ट ऐकू आले. गळ्यात अडकवलेला जो स्टेथोस्कोप आपल्याला डॉक्टरच्या जवळिकीची खूण वाटतो, तो जन्मला संकोचातून. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लायडनमध्ये आइन्थोवेनने रुग्णालयातल्या माणसाच्या हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत उतरवून घेतला. त्याचं यंत्र इतकं अवजड की रुग्णाकडे नेणं अशक्य; मग हृदयानेच प्रवास केला.

शरीरातलं जे लहरीत किंवा आकड्यात मावतं, ते सुखाने प्रवास करतं: रक्तदाब, साखर, ईसीजी, एक्स-रे. पोट दाबल्यावर आतून लागणारा कडकपणा, श्वासाचा वास, तळव्याचा गारवा मागे राहतात. पोटात कळ मारत असेल, छाती भरून येत असेल, तोंड वाकडं झालं असेल, तर फोन करायचा तो 108 ला.

भारतात या व्यवहाराला लेखी चौकट मिळाली 25 मार्च 2020 रोजी, देशाच्या दाराला कडी लागली त्याच दिवशी. तिच्यानुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक कळवायचा, रुग्णाचं नाव-वय विचारायचं, नोंदी ठेवायच्या. काही औषधं नुसत्या फोनवरही सुचवता येतात. काहींसाठी पहिली भेट व्हिडिओवरच व्हावी लागते. आणि गुंगीची, सवय लावणारी औषधं दुरून लिहून देता येत नाहीत. 'एवढ्यावर मला सांगता येणार नाही, प्रत्यक्ष या' असं म्हणायचा हक्क डॉक्टरला कधीही असतो. हे ऐकून आपल्याकडे लोक पैसे वाया गेले म्हणून हळहळतात. मला तर या माध्यमातला तोच सर्वांत प्रामाणिक सल्ला वाटतो.

सरकारी ई-संजीवनीची दोन रूपं आहेत. एकात माणूस घरूनच डॉक्टरशी बोलतो. दुसऱ्यात तो गावच्या उपकेंद्रात जातो आणि तिथले समुदाय आरोग्य अधिकारी त्याला तपासून, शेजारी बसून, लांबच्या डॉक्टरशी जोडून देतात. माझं मत निःसंशय दुसऱ्याच्या बाजूने. तिथे वाग्भटाची मधली वाट पुन्हा उघडते, कारण रोग्याजवळ एक शिकलेला हात असतो. पडवीत तो नव्हता. माझा होता.

नेटवर्क आलं. "गोळ्यांच्या पट्ट्या दाखवा." आत्याने पिशवीच उपडी केली. एकेक पट्टी मी कॅमेऱ्यापुढे धरत गेलो. तिसरीवर डॉक्टर थांबले. "अजून जवळ. ही ॲम्लोडिपीन कधीपासून?" रक्तदाबाच्या या गोळीने घोट्यांना सूज येऊ शकते, असं ते म्हणाले; पण हृदय आणि मूत्रपिंड पाहिल्याशिवाय तिच्यावर खापर फोडायचं नाही, आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. "आजी, या आठवड्यात एकदा येऊन जा. पाय मला बघायचाय."

"मग आत्ता काय बघितला?" आत्या म्हणाली. डॉक्टर हसले.

चार दिवसांनी एसटीने गेलो. डॉक्टरांनी त्याच जागी अंगठा टेकवला. आमच्यासारखा रोवला नाही. हळूच टेकवला आणि मग दाब वाढवत नेला. अंगठा उचलल्यावर कुणी काही बोललं नाही. बाहेर आल्यावर चपला घालता घालता आत्या म्हणाली, "आज नवात भरला. घरी बारा लागायचे." त्या चार दिवसांत ती रोज संध्याकाळी पडवीत बसून मोजत होती, हे मला तेव्हा कळलं.