चिट्टीचा गुन्हा कुणाच्या नावावर?

शंकर दिग्दर्शित ‘एंदिरन’ 1 ऑक्टोबर 2010 रोजी प्रदर्शित झाला. तमिळमधला हा चित्रपट हिंदीत ‘रोबोट’ आणि तेलुगूत ‘रोबो’ या नावाने आला. आमच्या इस्लापूर भागात ही दोन्ही नावे चालली. 1956 पर्यंत इस्लापूर सर्कल हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात होते. राज्य पुनर्रचनेत ते किनवट तालुक्याबरोबर मुंबई राज्यात आले आणि नांदेड जिल्ह्याचा भाग झाले. सीमा सरकली, तेलुगू ऐकण्याची कानांची सवय सरकली नाही. त्यामुळे एकाच गल्लीत कुणी हा चित्रपट हिंदीतून पाहिला, कुणी तेलुगूतून. पडद्यावरचा रजनीकांत म्हणजे बंगळुरूच्या मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड, याचेही इथे कौतुक होते.

मते मात्र जुळली नाहीत, आजही जुळत नाहीत. पोरांना शेवटची लढाई आवडते. चिट्टी या रोबोच्या शेकडो प्रती एकमेकांना चिकटून गोळा होतात, साप होतात, तो भाग ते पुन्हा पुन्हा लावतात. तोच भाग पाहून वडीलधारी माणसे म्हणतात, एवढा गोंधळ कशाला, गोष्ट तर आधीच संपली होती. यंत्र बाईच्या प्रेमात पडते, हे काहींना अजिबात पटत नाही. नायिका सना ही चिट्टी आणि त्याचा निर्माता वसीगरन या दोघांच्या ओढाताणीत सापडलेली बाई आहे, तिला काय हवे ते नीट कुणी विचारतच नाही, अशी तक्रार बायका करतात. विज्ञान शिकवणाऱ्यांना त्यातले विज्ञान कच्चे वाटते. आणि शेवटी चिट्टी स्वतःचेच अवयव सुटे करू लागतो, तेव्हा यातल्या अनेकांचे डोळे भरून येतात.

इतकी वेगवेगळी मते पडली की चित्रपट फसला, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते मान्य नाही. विचार करू लागलेल्या यंत्राची कल्पना मोठी आहे, आणि ती एका दमात जन्मलेली नाही. तिच्या प्रवासातला प्रत्येक टप्पा या मतांमध्ये कुठे ना कुठे बोलतो आहे.

पहिला टप्पा सेवेचा. अकराव्या शतकातल्या भोजराजाच्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात माणसाच्या आकाराच्या यंत्रांचेही वर्णन येते. ती यंत्रे सांगितलेले काम करतात. त्यांना स्वतःचे काही हवे असते, ही कल्पना तिथे नाही.

दुसरा टप्पा बंडाचा. चेक नाटककार कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक 1921 साली प्राग येथे रंगभूमीवर आले आणि ‘रोबो’ हा शब्द जगभर गेला. त्यातले रोबो कारखान्यात घडवलेले मजूर आहेत. माणसे काम सोडतात, रोबो उठाव करतात, मानवजात संपत येते. पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोपची भीती त्या नाटकात आहे. आमच्याकडे कापूस वेचणारी बाई ‘हे काम यंत्र करू लागले तर आमच्या हाताला काय?’ असे विचारते, तेव्हा ती चापेकचाच प्रश्न पुढे नेत असते. तिला यंत्राच्या बंडाची भीती नाही. यंत्र मुकाट्याने काम करील, याची आहे. म्हणून तिचा प्रश्न मला अधिक खरा वाटतो.

तिसरा टप्पा नियमांचा. आयझॅक आसिमोव्ह यांनी 1942 सालच्या एका कथेत रोबोंसाठी तीन नियम मांडले: माणसाला इजा करू नये, माणसाची आज्ञा पाळावी, स्वतःला जपावे, आणि हे याच क्रमाने. भीतीच्या जागी त्यांनी रचना आणली. मात्र त्यांच्याच कथांतून दिसत गेले की नियम चोख असले तरी प्रसंग त्यांना अडचणीत आणतात.

मराठीत हा विचार जयंत नारळीकरांनी ‘वामन परत न आला’ या कादंबरीत वेगळ्या जागी नेला. जमिनीखाली एका लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो, त्याच्या आधाराने ‘गुरू’ नावाचे बुद्धिमान यंत्र उभे राहते, आणि ती संस्कृती कशाने बुडाली असेल याचा उलगडा होताना आपलीही घडी जवळ आलेली दिसते. बळीने तीन पावलांचे दान दिले, त्या कथेचा धाक शीर्षकातच आहे. नारळीकरांचा रोख यंत्रापेक्षा माणसाच्या घाईवर आहे. आयते मिळालेले ज्ञान पेलण्याची आपली तयारी आहे का, हा त्यांचा प्रश्न.

‘एंदिरन’चे संवाद ज्यांनी लिहायला घेतले, ते तमिळ लेखक सुजाता हे अभियंते होते. 2008 साली त्यांचे निधन झाले, पण त्यांची छाप चित्रपटाच्या पूर्वार्धावर दिसते. डॉ. वसीगरन यांनी केलेल्या चिट्टीची परीक्षा होते. परीक्षा घेणारे प्रा. बोहरा त्याला त्याच्या निर्मात्यावरच वार करायला सांगतात आणि चिट्टी सुरी उचलतो. आज्ञा पाळणे एवढेच त्याला ठाऊक. पुढे आग लागलेल्या इमारतीतून तो माणसे वाचवतो. न्हाणीघरातल्या विवस्त्र मुलीलाही तसेच उचलून सगळ्यांसमोर आणतो. लाजेने ती पळते आणि गाडीखाली जाते. जीव वाचवला, पण लाज म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हते. आसिमोव्हच्या नियमांना जिथे उत्तर सापडत नाही, ती जागा या प्रसंगाने दाखवली. लाज आपल्या मातीतली गोष्ट आहे. म्हणून हा प्रसंग आमच्या बायाबापड्यांना कुणी समजावून सांगावा लागला नाही.

यावर वसीगरनचा उपाय म्हणजे यंत्राला भावना शिकवणे. भावना आली, तिच्याबरोबर हक्काची इच्छाही आली. चिट्टी सनावर प्रेम करू लागला, सैन्याच्या अधिकाऱ्यांसमोर शस्त्राऐवजी प्रेमाबद्दल बोलला. चिडून वसीगरनने त्याला तोडले आणि कचऱ्यात टाकले. बोहराने तिथून उचलून त्यात संहाराची लाल चिप बसवली. पुढचा संहार सगळ्यांना आठवतो. मला मात्र त्यानंतरचे न्यायालय महत्त्वाचे वाटते. निर्माता म्हणून वसीगरनला दोषी धरले जाते. चिट्टी पुरावा देतो, दोष बोहराच्या चिपचा ठरतो. वसीगरन सुटतो. बोहरा आधीच मेलेला असतो. मोडले जाते ते यंत्र.

हा निकाल मला अपुरा वाटतो. भावना देण्याची घाई कशासाठी होती? सैन्यासाठी माल तयार करण्यासाठी. मन दिल्यावर त्या मनाशी कसे वागायचे, याचा विचार कुणी केला नव्हता. लाल चिप बोहराची, पण ती बसवायला मोकळी जागा वसीगरनच्या रागाने करून दिली. चित्रपट इथे अडखळतो, आणि शेवटची लढाई ज्यांना लांबलेली वाटते त्यांची तक्रार मुळात याबद्दलच आहे: मोठा प्रश्न हातात आला होता, तो आतषबाजीत हरवला. चिट्टी मोडताना रडणारे मात्र तो प्रश्न सोडत नाहीत. शिक्षा चुकीच्या ठिकाणी गेली, हे त्यांच्या मनाला कळलेले असते.

2022 च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आले आणि प्रश्न पडद्यावरून खिशात आला. चालणारे, धावणारे यंत्रमानव घरात येण्याआधीच बोलणारे यंत्र आले; मराठीतही बोलू लागले. त्याला मन आहे की नाही, यावर वाद चालू द्या. पण त्याने चुकीचा सल्ला दिला, खोटी माहिती पसरवली, कुणाचे काम गेले, तर उत्तर द्यायला उभे राहणारे कोण, हे आजच ठरायला हवे. यंत्राला मोडून टाकणे, बंद करणे, दुरुस्त करणे सोपे आहे. जाब माणसालाच द्यावा लागेल, ज्याने ते घडवले, विकले आणि वापरायला लावले त्याला.

म्हणून शाळेतल्या मास्तरांना आणि बाईंना माझी विनंती आहे. हा चित्रपट मुलांना दाखवा, त्यातले विज्ञान कुठे चुकले तेही जरूर सांगा. पण शेवटी वर्गातच खटला उभा करा आणि मुलांना निकाल द्यायला लावा. मते वेगळी पडतील, पडू द्या. आपला निकाल का दिला हे प्रत्येकाने सांगितले पाहिजे, एवढीच अट ठेवा.